लोकनायक बापूजी अणे : वणीचा वकील, दिल्लीचा लोकप्रतिनिधी

यवतमाळ जिल्ह्यातील भगिनींना लोकनायक बापूजी अण्यांचे नाव नवे नाही. यवतमाळच्या महिला महाविद्यालयालाच त्यांचे नाव दिलेले आहे, आणि आपल्यापैकी कित्येकींच्या लेकीसुना त्या महाविद्यालयात शिकल्या. परंतु एखादे नाव रोज तोंडी असले म्हणजे त्यामागचा माणूस ठाऊक असतोच असे नाही. बापूजी कोण होते, असे विचारले तर बहुधा 'मोठे पुढारी होते, राज्यपाल होते' एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. मोठी पदे पुष्कळांना मिळतात. मिळालेले पद कशासाठी धरावे आणि कोणत्या क्षणी सोडावे, हा खरा प्रश्न आहे. बापूजींच्या आयुष्यात तो प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला. त्याचे उत्तर त्यांनी कसे दिले, ते या लेखात पाहू.

माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. त्या काळी आपला जिल्हा वणीच्याच नावाने ओळखला जाई आणि इंग्रजी दप्तरात त्याला 'वून' म्हणत. १९०५ साली वऱ्हाडातील जिल्ह्यांची फेररचना झाली, पुसद तालुका आपल्याकडे आला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. घरी संस्कृत विद्येचे वातावरण होते. ते संस्कार बापूजींनी अखेरपर्यंत सांभाळले. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात ते पदवीधर झाले. पुढे काही काळ अमरावतीस शिक्षकाची नोकरी केली, कलकत्ता विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली आणि १९०८ च्या सुमारास यवतमाळ येथे वकिली सुरू केली.

ते १९०८ साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस पाठविण्यात आले. एक तरुण वकील कोर्टाची पायरी चढत होता आणि त्याच वेळी त्याच्या गुरुस्थानी असलेला पुरुष कोर्टाच्याच निकालाने देशाबाहेर जात होता. कायदा आणि न्याय या दोन गोष्टी नेहमी एकच असतात असे नाही, हे त्या काळच्या वकिलांना कोणी शिकवावे लागले नाही. बापूजी टिळकांचे निष्ठावंत अनुयायी झाले. होमरूलच्या चळवळीत त्यांनी टिळकांच्या बाजूने काम केले आणि १९२१ पासून वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसची धुरा वाहिली.

येथे वऱ्हाडच्या स्थितीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर बापूजींच्या दिल्लीतील स्थानाचे वैशिष्ट्य ध्यानात येणार नाही. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, परंतु कागदोपत्री मालकी निजामाचीच राहिली. १९०२ साली लॉर्ड कर्झनने वऱ्हाडचा कायमचा पट्टा करून घेतला आणि पुढल्या वर्षी तो मध्यप्रांताला जोडला. त्यामुळे कायद्याच्या काटेकोर भाषेत आपला वऱ्हाड 'ब्रिटिश हिंदुस्थान' नव्हता. १९१९ च्या सुधारणांनंतर दिल्लीस १४५ सभासदांचे मध्यवर्ती कायदेमंडळ आले. तेथे वऱ्हाडने आपला प्रतिनिधी निवडून द्यायचा, आणि मग सरकारने त्याचीच नेमणूक केली असे दाखवायचे, अशी मौजेची व्यवस्था झाली! कायदेमंडळाच्या इतिवृत्तात बापूजींच्या नावापुढे 'वऱ्हाडचे प्रतिनिधी' असे शब्द येतात, त्याचे कारण हेच. लोकांनी निवडलेला माणूस सरकारी कागदावर सरकारनियुक्त ठरे. मनाने आणि वाणीने मात्र तो लोकांचाच राहिला.

यवतमाळहून धामणगाव गाठावे किंवा मूर्तिजापूरची छोटी गाडी धरावी, तेथून मोठ्या गाडीने दिल्ली! त्या दिल्लीत होणारे कायदे आपल्या चुलीपर्यंत कसे येतात, याची दोन उदाहरणे स्त्रियांना विशेष जवळची आहेत. याच कायदेमंडळाने १९२९ साली बालविवाहास प्रतिबंध करणारा शारदा कायदा संमत केला आणि मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरविले. १९३७ साली डॉ. देशमुख यांच्या प्रयत्नाने हिंदू विधवेला पतीच्या मिळकतीत मर्यादित का होईना, पण हिस्सा देणारा कायदा झाला. हे काही एकट्या बापूजींचे कर्तृत्व नव्हे. परंतु ज्या सभागृहात असे निर्णय होत, तेथे बोलावयास आपल्या भागातून कोण जातो, याला किती महत्त्व आहे ते यावरून कळेल. कायद्याचा अभ्यास, संस्कृतचे पाठांतर आणि शांत पण ठाम बोलणे या गुणांमुळे बापूजींचे वजन वाढले. १९२८ साली पंडित मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र हिंदुस्थानच्या राज्यघटनेचा आराखडा करणारी समिती नेमली गेली, तेव्हा तिच्या सभासदांत आपल्या यवतमाळचे बापूजी होते.

आता १९३० सालाकडे वळू. मार्चमध्ये महात्माजींनी दांडीयात्रा सुरू केली आणि देशभर मिठाचा सत्याग्रह पेटला. विदर्भाला समुद्र नाही. अकोला जिल्ह्यातील दहीहंड्यास खाऱ्या पाण्याच्या विहिरी होत्या म्हणून तेथे मीठ करून कायदा मोडता आला, परंतु बाकी गावांनी काय करावे? उत्तर आपल्या जिल्ह्याच्या जंगलात सापडले. सरकारने जंगले 'राखीव' केली होती. बापजाद्यांपासून ज्या रानात गुरे चरत आली, जेथून गवताचा भारा आणि सरपणाची मोळी घरी येत होती, तेथे आता पास काढावा लागे आणि चराईचे पैसे भरावे लागत. चुकून गुरे आत शिरली तर ती कोंडवाड्यात जात. हा जाच पुरुषांइतकाच स्त्रियांनाही होता, कारण मोळी डोक्यावर घेऊन येणारी आणि गाईपुढे वैरण टाकणारी बहुधा घरची बाईच असे. मीठ जसे प्रत्येक घरातले, तसे गवत प्रत्येक गोठ्यातले. हे ज्यांनी ओळखले, त्यांत बापूजी अग्रभागी होते.

एक गोष्ट येथे मुद्दाम नमूद केली पाहिजे. बापूजी मूळचे प्रतियोगी सहकारितेच्या मताचे. कायदेमंडळात जावे, सरकार जेथे लोकहित करील तेथे साथ द्यावी, जेथे करणार नाही तेथे विरोध करावा, हा टिळकांचा मार्ग त्यांना मान्य होता. सरसकट बहिष्काराविषयी त्यांचे गांधीजींशी मतभेद होते आणि ते त्यांनी कधी लपविले नाहीत. परंतु देशाने एकदा लढा पुकारल्यावर 'माझे मत वेगळे होते' असे म्हणून ते घरी बसले नाहीत. कायदेमंडळ सोडून ते मैदानात उतरले. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात त्यांनी विळ्याने गवत कापून कायदा मोडला आणि ते पकडले गेले. पन्नाशीला आलेला, दिल्लीच्या सभागृहात कायद्याच्या कलमांवर बोलणारा वकील मूठभर गवतासाठी आरोपी झाला! त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. त्यानंतर हा सत्याग्रह विदर्भात ठिकठिकाणी पसरला. त्याच महिन्याच्या २१ तारखेस डॉ. हेडगेवार यांनीही यवतमाळजवळ जंगल सत्याग्रह केला आणि कारावास पत्करला.

१९३३ साली बहुतेक पुढारी तुरुंगात असताना काँग्रेसच्या हंगामी अध्यक्षपदाची जबाबदारी बापूजींवर आली. मे महिन्यात गांधीजींनी हरिजनकार्यासाठी २१ दिवसांचे उपोषण आरंभिले आणि सरकारने त्यांची सुटका केली. तेव्हा बापूजींनी कायदेभंगाची चळवळ सहा आठवडे तहकूब केली. परदेशात असलेल्या सुभाषचंद्र बोस आणि विठ्ठलभाई पटेल यांनी या तहकुबीवर कडक टीका केली. ती टीका बापूजींना सोसावी लागली. पुढे १९३४ साली जातीय निवाड्याच्या प्रश्नावर काँग्रेसने 'स्वीकारही नाही, धिक्कारही नाही' अशी भूमिका घेतली. निवाडा अन्यायाचा आहे तर तो स्पष्ट नाकारला पाहिजे, असे बापूजी आणि पंडित मदनमोहन मालवीय यांचे मत होते. दोघांनी वेगळे होऊन काँग्रेस राष्ट्रीय पक्ष काढला. ज्या संस्थेचे अध्यक्षपद वर्षभरापूर्वी सांभाळले, तिच्यापासून मतासाठी दूर व्हायचे ही सोपी गोष्ट नव्हे. त्यानंतरच्या निवडणुकीने वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून ते पुन्हा दिल्लीस गेले.

यानंतर येतो तो त्यांच्या चरित्रातील सर्वांत अवघड भाग. चरित्रलेखात अशी पाने पुष्कळदा घाईने उलटली जातात. स्त्रियांच्या मंडळाने तरी तसे करू नये.

१९४१ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात हिंदी सभासदांची संख्या वाढविण्यात आली. बापूजींनी त्यात जागा स्वीकारली आणि परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते त्यांच्याकडे आले. महायुद्धाच्या काळात ब्रह्मदेश, मलाया येथून लाखो हिंदी निर्वासित परतत होते, तेव्हा हे खाते नुसते शोभेचे नव्हते. परंतु १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'चा ठराव झाला आणि गांधीजींसह सर्व पुढारी ९ ऑगस्ट रोजी पकडले गेले. ज्या सरकारने त्यांना पकडले, त्याच सरकारच्या मंडळात बापूजी बसले होते.

वणीहून वर्धा नदी ओलांडली की चांदा जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातील चिमूर गावी १६ ऑगस्ट रोजी मिरवणुकीवर गोळीबार झाला. खवळलेल्या जमावाने सरकारी अधिकारी ठार केले. मग गोरे सैनिक आणि पोलीस गावात आले आणि पुरुष मंडळी घाऊक पकडली गेली. घरांत उरल्या त्या बायका आणि मुले. पुढल्या दिवसांत तेथील स्त्रियांवर अत्याचार झाले. नागपूरहून काही स्त्रिया चिमूरला गेल्या, तेथील मायबहिणींच्या जवळ बसल्या आणि त्यांचे म्हणणे ऐकून परत आल्या. सरकार मात्र चौकशीस तयार होईना. सेवाग्राम आश्रमातील प्राध्यापक भन्साळी यांना हे सहन झाले नाही. नोव्हेंबरात ते दिल्लीस बापूजींच्या घरी गेले. 'आपण विदर्भाचे, आपण कार्यकारी मंडळाचे सभासद, आपण चौकशी करवून घ्या' अशी त्यांची मागणी होती. बापूजींनी आपली असमर्थता सांगितली. भन्साळींनी त्यांच्याच दारी उपोषण सुरू केले. पोलिसांनी त्यांना पकडून परत पाठविले, तरी उपोषण सुटले नाही. वर्तमानपत्रांवर बंधने आली. शेवटी मध्यप्रांत सरकारशी समेट होऊन १२ जानेवारी १९४३ रोजी ६३ दिवसांनी ते उपोषण संपले.

त्या प्रसंगी बापूजींच्या मनात काय चालले असेल? पद सोडले तर एक टाकाचा फटकारा पुरे होता, पण मग निर्वासितांचे काम कोणी पाहावे? पद ठेवले तर दारात उपाशी बसलेला माणूस आणि त्याच्या पाठीमागे चिमूरच्या स्त्रिया! त्यांनी त्या वेळी पद सोडले नाही. त्याचा दोष त्यांना द्यावयाचा की त्यांच्या अडचणीचा विचार करावयाचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमच्या मते चिमूरच्या स्त्रियांच्या बाजूने पाहिले तर ते उत्तर पुरेसे नव्हते. सत्तेच्या आत राहून लोकांचे काम करता येते, असे म्हणणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रसंग कधी ना कधी येतो, आणि तेव्हा सत्तेच्या भिंती किती जाड असतात ते कळते.

परंतु गोष्ट तेथे संपली नाही. १० फेब्रुवारी १९४३ रोजी आगाखान महालात कैदेत असलेल्या गांधीजींनी २१ दिवसांचे उपोषण सुरू केले. त्यांची प्रकृती ढासळू लागली, तरी सरकार त्यांना बिनशर्त सोडीना. तेव्हा बापूजी अणे, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या तिघांनी १७ फेब्रुवारीस राजीनामे दिले. गांधीजींशी ज्यांचे आयुष्यभर मतभेद राहिले, त्याच बापूजींनी गांधीजींच्या प्राणासाठी व्हाइसरॉयच्या मंडळातील जागा सोडली. त्या पदाचा पगार, मान, दिल्लीतील घर, हे सारे एका दिवसात मागे पडले. दारातील उपोषणाने जे झाले नाही, ते पुण्याच्या उपोषणाने झाले. आधीच्या प्रसंगाचा काही सल त्या राजीनाम्यात होता काय, हे सांगता येणार नाही. पण पद आणि सदसद्विवेक यांत निवड करण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी काय निवडले, ते इतिहासात नोंदले गेले आहे.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून ते सिलोनला गेले आणि १९४७ पर्यंत तेथे राहिले. चहाच्या मळ्यांवर राबणाऱ्या हिंदी मजुरांचे हक्क हा तेथला मोठा प्रश्न होता. परतल्यावर ते घटना समितीत आले. जानेवारी १९४८ पासून १९५२ पर्यंत त्यांनी बिहारचे राज्यपालपद भूषविले. एवढ्यानंतर दुसऱ्या कोणी विश्रांती घेतली असती. बापूजींनी सत्तरीनंतर नवे काम हाती घेतले, ते स्वतंत्र विदर्भ राज्याचे. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, पण ती मान्य झाली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला जिल्हा मध्यप्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. विदर्भाच्या प्रश्नावर आपल्या मंडळातही दोन मते असतील. ती असावीतच. बापूजींचे मत मात्र ठाम होते, आणि ते घेऊन ते लोकांपुढे गेले.

नागपूरच्या खासदार अनसूयाबाई काळे यांचे निधन झाल्यावर १९५९ साली पोटनिवडणूक झाली आणि बापूजी लोकसभेत निवडून गेले. येथे इतिहासाची एक गाठ आपोआप बसली आहे. अनसूयाबाई म्हणजे मध्यप्रांताच्या कायदेमंडळातील पहिल्या स्त्री सभासदांपैकी एक. १९३७ साली त्या विधानसभेच्या उपाध्यक्ष झाल्या. चिमूर आणि आष्टी येथील खटल्यांत फाशीची शिक्षा झालेल्यांचे प्राण वाचावेत म्हणून त्यांनी जिवापाड खटपट केली आणि अनेकांची फाशी टळली. चिमूरसाठी आपल्या हाताने काही करता आले नाही असे ज्याला सांगावे लागले, तो बापूजींसारखा माणूस चिमूरसाठी झटलेल्या बाईंच्या जागी लोकसभेत बसला. १९६२ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, ते नागपुरातूनच अपक्ष म्हणून पुन्हा निवडून आले. एवढ्या वयाच्या, पक्षाचे पाठबळ नसलेल्या माणसाला मते मिळाली, ती त्याच्या शब्दावर विश्वास होता म्हणून.

या सर्व धकाधकीत त्यांनी संस्कृत सोडले नाही. लोकमान्यांच्या चरित्रावर त्यांनी 'तिलकयशोऽर्णवः' हे संस्कृत महाकाव्य रचले. २६ जानेवारी १९६८ रोजी, प्रजासत्ताकदिनीच, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण हा किताब दिला गेला, आणि १९७३ साली त्या महाकाव्याला साहित्य अकादमीचा मरणोत्तर पुरस्कार मिळाला. तरुणपणी ज्या गुरूमागे गेले, त्याचेच यश त्यांनी आयुष्याच्या उत्तरकाळात गायिले. त्यांचे नातू श्रीहरी अणे हे महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते. विदर्भाच्या आणि मराठवाड्याच्या प्रश्नावर आपले मत उघड बोलून त्यांनी २०१६ साली त्या पदाचा राजीनामा दिला, तेव्हा जुन्या माणसांना आजोबांची आठवण होणे साहजिकच होते.

भगिनींनो, आपल्या मंडळातही पदे असतात. अध्यक्षा, चिटणीस, खजिनदार यांची दरवर्षी निवड होते. आपल्यापैकी कित्येकी ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत सभासद आहेत, काही सरपंच आहेत. १९९३ च्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना या संस्थांत राखीव जागा मिळाल्या आणि बापूजींच्या तरुणपणी जे कोणाच्या स्वप्नातही नव्हते ते घडले. खुर्ची लहान असो वा मोठी, तिच्यापुढे उभे राहणारे प्रश्न तेच असतात. वरच्यांचे ऐकावे की आपल्या माणसांचे? मतभेद झाला तर बोलावे की गप्प राहावे? दारात कोणी न्याय मागावयास आले तर 'माझ्या हातात नाही' म्हणावे, की हात पुढे करावा?

बापूजींनी या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक वेळी बरोबरच दिली असे नाही. पण मतभेद झाला तेव्हा ते उघड बोलले, लढ्याची वेळ आली तेव्हा विळा हाती घेतला आणि मनाने कौल दिला तेव्हा खुर्ची मागे सारून उठले. चिमूरच्या वेळी जे राहून गेले, ते विसरू नये, कारण आपल्या दारात कोणी येईल तेव्हा तेच आपल्या कामी येणार आहे. वणीच्या मातीत जन्मलेल्या या वकिलाच्या चरित्रातून दोन्ही गोष्टी शिकता येतात. मुलींना त्यांचे नाव सांगताना नुसती पदांची यादी सांगू नये. त्यांनी कोणती पदे सोडली आणि का सोडली, तेही सांगावे.